डिझेल नावाचा माणूस

डिझेल हे कुणाचं तरी आडनाव आहे, हे आपल्यापैकी किती जणांना माहीत असतं? पंपावर, एस.टी. स्टँडवर, भाववाढीच्या बातम्यांत हा शब्द रोज कानावर पडतो. थर्मोच्या पेपरात आपण डिझेल सायकलची पी-व्ही आकृती काढतो, बाण बरोबर दाखवतो आणि मार्क पदरात पाडून घेतो. पण ज्याच्या नावाची ती आकृती, तो रुडॉल्फ डिझेल कर्जात बुडाला आणि एका रात्री बोटीवरून नाहीसा झाला, हे काही सिलॅबसमध्ये नाही.

त्याचा जन्म १८ मार्च १८५८ चा, पॅरिसमधला. आईवडील मात्र जर्मन. वडील चामड्याच्या वस्तू बनवणारे कारागीर, म्हणजे घरात पैसा बेताचाच. १८७० साली फ्रान्स आणि प्रशियाचं युद्ध पेटलं आणि पॅरिसमधल्या जर्मन लोकांना शहर सोडावं लागलं. हे कुटुंब लंडनला गेलं. तिथेही भागेना, म्हणून बारा वर्षांच्या रुडॉल्फला एकट्यालाच जर्मनीत, ऑग्सबुर्गला नातेवाइकांकडे पाठवलं. ते काका गणिताचे शिक्षक होते. मुलाचं नशीब म्हणायचं! शाळेत तो पहिला आला. आईवडिलांची इच्छा होती की त्याने आता कमवावं, पण याला इंजिनीअरच व्हायचं होतं. शेवटी स्कॉलरशिप मिळवून तो म्युनिकच्या पॉलिटेक्निकमध्ये दाखल झाला.

१८७९ मध्ये फायनलच्या वेळी त्याला टायफॉइड झाला आणि परीक्षा हुकली. पुढच्या परीक्षेपर्यंत थांबणं भाग होतं. ड्रॉप लागला म्हणून आपण रूमवर पडून राहतो. हा गेला स्वित्झर्लंडला, विंटरटूरच्या सुल्झर कारखान्यात, आणि हाताने काम शिकला. जानेवारी १८८० मध्ये परीक्षा दिली ती अव्वल मार्कांनी. आमच्या वर्कशॉपच्या सरांना ही गोष्ट आवडेल.

म्युनिकमध्ये त्याला शिकवायला कार्ल फॉन लिंडे होते, रेफ्रिजरेशनवाले लिंडे. वाफेच्या इंजिनात कोळशाच्या उष्णतेपैकी दहावा भागसुद्धा कामाला येत नाही, बाकीची नुसती वाया जाते, हे त्यांच्या लेक्चरमध्ये त्याने ऐकलं आणि ते त्याच्या डोक्यातून कधी गेलंच नाही. पुढची दहा वर्षं त्याने लिंडे यांच्याच बर्फाच्या मशीनवर नोकरी केली, लग्न केलं, मुलं झाली, आणि उरलेल्या वेळात इंजिनाचा विचार. आधी वाफेऐवजी अमोनिया वापरून पाहिला. त्यात एकदा स्फोट होऊन तो बरेच दिवस हॉस्पिटलमध्ये होता.

मग सुचली ती खरी कल्पना. सायकलमध्ये हवा भरताना पंपाचं खालचं टोक गरम लागतं ना, तेच तत्त्व. सिलिंडरमधली हवा इतकी दाबायची की ती दाबानेच तापेल, आणि त्यात इंधन सोडलं की ते आपोआप पेटेल. स्पार्क नको, ज्योत नको. १८९२ मध्ये त्याने अर्ज केला, १८९३ मध्ये पेटंट मिळालं, त्याच वर्षी पुस्तकही निघालं. पुस्तकात त्याने २५० ॲटमॉस्फिअरचा दाब धरला होता! कागदावर कार्नो सायकल गाठायची होती. थोड्याच दिवसांत त्याला कळलं की असं इंजिन स्वतःचं घर्षणसुद्धा भागवू शकणार नाही. मग दाब कमी केला, ज्वलनाची पद्धतही बदलली. म्हणजे पेटंट एकाचं आणि बांधलेलं इंजिन थोडं दुसरंच. यावरून विरोधकांनी त्याला जन्मभर छळलं.

ऑग्सबुर्गचा मशीन कारखाना आणि क्रुप कंपनी यांनी पैसे लावले. १० ऑगस्ट १८९३ ला पहिल्या चाचणीत इंधन पेटलं खरं, पण दाब मोजायचा इंडिकेटर फुटून त्याचे तुकडे उडाले. पुढे महिनोन् महिने एकच डोकेदुखी होती, गळती. पिस्टनच्या कडेने हवा निसटायची, व्हॉल्व्ह नीट बसायचे नाहीत. रिंगा बदल, पिस्टन बदल, पुन्हा खोल, पुन्हा बांध. १७ फेब्रुवारी १८९४ ला इंजिन पहिल्यांदा स्वतःच्या जोरावर फिरलं. मिनिटाला ८८ फेरे, आणि जेमतेम एक मिनिट.

हे वाचताना मला एकदम पोलादपूर आठवलं, कारण गळती म्हणजे काय ते मी तिथल्याच एका गाडीमुळे शिकलो. माझ्या रूम पार्टनरच्या काकांची जुनी ट्रॅक्स आहे. या जुन्या ट्रॅक्सचं इंजिन मर्सिडीजच्या ओएम ६१६ वरून परवाना घेऊन आपल्याकडे पुण्यात बनायचं, म्हणजे डिझेलच्याच देशातलं. २२ जुलै २०२१ ला सावित्रीचं पाणी महाडच्या बाजारपेठेत शिरलं, तेव्हा ही गाडी महाडला एका गॅरेजमध्ये उभी होती. पाणी ओसरल्यावर कुणीतरी नोझल न काढताच सेल्फ मारला. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. पिस्टन वर आला, आत पाणी, आणि कनेक्टिंग रॉड वाकला. इंजिन खोलून दुरुस्त केलं, तीन वर्षं कसंबसं ओढलं, आणि गेल्या वर्षी मे महिन्यात आंबेनळी घाटात रॉड ब्लॉक फोडून बाहेर आला. ब्लॉकच गेल्यावर ओव्हरहॉलिंग कशाचं करणार? नवी गाडी परवडणारी नव्हती. लग्नाच्या सीझनची भाडी बुडत होती. काकांच्या दोन मुलांची फी त्याच गाडीवर. तेव्हा जुनं इंजिन शोधायला आम्ही कुर्ल्याच्या भंगार बाजारात गेलो. काका, महाडचे एक म्हातारे मिस्त्री आणि आम्ही दोघं इंजिनीअर, म्हणजे ओझं उचलायला.

पहिल्या दुकानात एक इंजिन दाखवलं. धुऊन पुसून चकचकीत, वर सिल्व्हर पेंट. जमिनीवरच बॅटरी लावून अर्ध्या सेल्फमध्ये चालू करून दाखवलं. आम्ही दोघं खूश. मिस्त्रींनी काही न बोलता मला खुणेने बोलावलं आणि माझा हात ब्लॉकवर ठेवला. ब्लॉक गरम होता! म्हणजे आम्ही यायच्या आधीच ते चालवून ठेवलेलं. तापलेलं डिझेल इंजिन कसंही चालू होतं. घासलेल्या रिंगांचं खरं रूप दिसतं ते सकाळच्या पहिल्या सेल्फला, थंड असताना, कारण दाब गळला की हवा पुरेशी तापत नाही आणि पेटवायला दुसरं काहीच नसतं. मग त्यांनी ऑइल भरायचं झाकण काढायला लावलं. तिथून भकाभका धूर. याला मिस्त्री लोक बॅक कॉम्प्रेशन म्हणतात. हीटर प्लग काढून त्या भोकात गेज लावला तर तीन नंबरचा सिलिंडर बाकीच्यांपेक्षा फारच खाली. चमचाभर ऑइल आत सोडून पुन्हा मोजलं, तर आकडा वर चढला. म्हणजे व्हॉल्व्ह नाही, रिंगाच गेलेल्या. ऑइलने तेवढ्यापुरती फट बुजली होती. मी हे पुस्तकात वाचलेलं नव्हतं असं नाही, पण वाचलेलं आणि धुरात उभं राहून बघितलेलं यात फरक पडतो.

शेवटी घेतलं ते इंजिन दिसायला अगदी दळभद्री होतं, तेलकट, धुळीने माखलेलं. पण ब्लॉक थंड असताना चालू झालं, चारही सिलिंडरचे आकडे जवळजवळ सारखे आले, झाकणाखाली पांढरट साय नव्हती, वॉटर जॅकेटमध्ये पुराचा गाळ नव्हता. शेवटचं बघणं आम्हा कोकणातल्यांना फार जरुरीचं, कारण पुरात बुडालेली इंजिनंसुद्धा पुसून याच बाजारात येतात. मिस्त्रींनी इंजिन नंबरवर बोट फिरवून तो घासलेला नाही ना ते पाहिलं. पक्कं बिल घेतलं, कारण पेणच्या आर.टी.ओ.ची परवानगी घेऊन आर.सी.वर नंबर बदलायचा तर कागद लागतो. पैसे पहिल्यापेक्षा जास्त पडले. काकांनी उधारी केली.

तर पुन्हा ऑग्सबुर्गला. १८९७ मध्ये म्युनिकचे प्राध्यापक श्रोटर यांनी सुधारलेल्या इंजिनाची रीतसर चाचणी घेतली. एकच सिलिंडर, साधारण १८ हॉर्सपॉवर, आणि एफिशिअन्सी २६.२ टक्के. वाफेच्या इंजिनाच्या दुपटीहून जास्त! झालं, जगभरातून परवाने मागायला रांग लागली. अमेरिकेचे हक्क बिअरवाल्या अडॉल्फस बुश यांनी दहा लाख मार्क मोजून घेतले. चाळिशीच्या आत रुडॉल्फ लखपती झाला आणि म्युनिकमध्ये त्याने थाटाचा बंगला बांधला.

पण चाचणीतलं इंजिन वेगळं आणि गिऱ्हाइकाच्या हातातलं वेगळं. ऑग्सबुर्गला फक्त डिझेल इंजिनांसाठी उघडलेल्या कारखान्यातून गेलेली इंजिनं बंद पडू लागली, लोक ती परत पाठवू लागले, आणि तो कारखाना उभा राहू शकला नाही. पेटंटचे खटले चालूच होते. या सगळ्याने त्याची तब्येत ढासळली, १८९८ मध्ये तर सॅनेटोरियममध्ये राहावं लागलं. मशीनमधला एक टक्का वाया जाऊ न देणारा हा माणूस स्वतःच्या पैशाच्या बाबतीत मात्र भलताच भोळा होता. तेलाच्या जमिनी, जागांचे व्यवहार, जिथे हात घातला तिथे बुडाला. मधेच त्याने कामगारांच्या सहकारावर एक पुस्तक लिहिलं, तेही फारसं खपलं नाही. मला वाटतं त्याच्या आयुष्यातलं हे पुस्तक लोकांनी उगाच विसरलं. त्याला कारखानदारांपेक्षा छोट्या कारागिरांच्या हातात इंजिन द्यायचं होतं, वडिलांसारख्यांच्या.

इंजिनाचं मात्र चांगलं चाललं होतं. १९०० च्या पॅरिस प्रदर्शनात त्याला ग्रां प्री मिळालं. तिथे एक छोटं डिझेल इंजिन शेंगदाण्याच्या तेलावर चालवून दाखवलं होतं. पॉवर हाऊस, पाणबुड्या, १९१२ पर्यंत समुद्रावरची मोठी जहाजंसुद्धा त्याच्यावर चालू लागली. आणि मालकाचं घर गहाण.

२९ सप्टेंबर १९१३ च्या संध्याकाळी अँटवर्पहून इंग्लंडला जाणाऱ्या ड्रेस्डेन बोटीवर तो चढला. बरोबर दोन सहकारी होते. जेवण झालं, दहाच्या सुमारास तो केबिनमध्ये गेला आणि सकाळी सव्वासहाला उठवायला सांगून गेला. सकाळी केबिन रिकामी होती, पलंगावर कुणी झोपलेलं नव्हतं. डेकवर त्याची हॅट आणि ओव्हरकोट नीट ठेवलेले सापडले. दहा-बारा दिवसांनी एका डच बोटीला समुद्रात प्रेत दिसलं. खलाशांनी खिशातल्या वस्तू काढून घेतल्या आणि प्रेत पुन्हा पाण्यात सोडलं. वस्तू ओळखल्या त्याचा मुलगा ऑयगेन याने.

खून झाला, हेरांनी पळवलं, असं खूप लिहिलं गेलंय. मला तरी ते पटत नाही. निघण्याआधी त्याने बायकोला एक बॅग दिली होती आणि ती आठवड्याने उघडायला सांगितली होती. तिच्यात रोख रक्कम आणि बँकेतली खाती रिकामी असल्याचे कागद होते.

त्याच्या इंजिनाला इंधन आत फुंकायला अवजड कॉम्प्रेसर लागायचा, त्यामुळे ते त्याच्या हयातीत रस्त्यावरच्या गाडीत काही बसलं नाही. बेन्झ कंपनीतल्या प्रॉस्पर लोरांजने प्री-चेंबर काढला, १९२७ मध्ये बॉशचा पंप बाजारात आला, तेव्हा कुठे ते लहान झालं. १९३६ मध्ये मर्सिडीजची २६० डी ही चारचाकी डिझेल इंजिन घेऊन निघाली. पुढच्या वर्षी, १९३७ मध्ये, ऑयगेनने लिहिलेलं वडिलांचं चरित्र प्रसिद्ध झालं.