हेलियममुळे प्रसिद्ध झालेला शास्त्रज्ञ फुग्यातून उडाला, पण त्या फुग्यात हेलियम नव्हताच!

कोयनानगरहून कुंभार्ली घाट उतरून चिपळूण गाठायचं, गोवा हायवेनं दक्षिणेला जायचं आणि तळेऱ्याला समुद्राच्या दिशेनं वळायचं. रस्ता संपतो तिथं विजयदुर्ग. किल्ल्यावर 'साहेबाचे ओटे' आहेत. नॉर्मन लॉकियर या इंग्रज साहेबानं 18 ऑगस्ट 1868 च्या खग्रास ग्रहणात इथूनच हेलियम शोधला, असं सांगितलं जातं. दरवर्षी 18 ऑगस्टला इथं हेलियम दिवसही साजरा होतो.

गोष्ट भारी आहे, पण एक अडचण आहे. त्या दिवशी लॉकियर इंग्लंडमध्ये होता. तो भारतात आला 1871 च्या ग्रहणाला आणि तेव्हा थांबला केरळातल्या बेकलला. तिथंही समुद्रकाठचा किल्लाच आहे, त्यामुळे घोळ तिथूनच झाला असावा असं आपलं आम्हाला वाटतं.

1868 ला ग्रहण बघायला फ्रान्सहून जो माणूस खरंच आला होता, त्याचं नाव पिअर जान्सेन.

जान्सेनचा जन्म 1824 चा, पॅरिसचा. लहानपणी अपघात झाला आणि पाय कायमचा अधू झाला. घरची परिस्थिती बेताची, म्हणून बँकेत नोकरी केली. शिकत शिकत डॉक्टरेट मिळवली ती वयाच्या छत्तिशीत. पुढं सूर्याचा असा नाद लागला की ग्रहण जिथं, तिथं हा हजर.

1868 ला त्यानं आंध्रातल्या गुंटूरला तळ ठोकला. सांगलीपासून फार लांब नसलेल्या जमखंडीतही तेव्हा एक इंग्रज अधिकारी, जॉन हर्शेल, दुर्बीण लावून बसला होता. सूर्याच्या कडेच्या ज्वाळांचा प्रकाश वेगळा करून पाहिला तेव्हा जान्सेनला ठळक रेषा दिसल्या. त्या इतक्या ठळक होत्या की ग्रहण नसतानाही दिसतील, असं त्याच्या डोक्यात आलं. दुसऱ्याच दिवशी त्यानं ते करून दाखवलं. त्याची खरी कमाई ही.

लॉकियरनंही इंग्लंडात बसून ऑक्टोबरमध्ये स्वतंत्रपणे हेच साधलं. त्या रेषांमधली एक पिवळी रेषा माहितीतल्या कुठल्याच मूलद्रव्याशी जुळेना. हे नवं मूलद्रव्य आहे असं लॉकियरनं धरलं आणि ग्रीक भाषेतल्या सूर्यावरून त्याला हेलियम नाव पडलं. तेव्हा हेलियमचं श्रेय एकट्या जान्सेनला देणंही बरोबर नाही.

आता येऊ फुग्याकडे.

डिसेंबर 1870. पुढचं ग्रहण 22 तारखेला, अल्जेरियात. जान्सेन मात्र पॅरिसमध्ये अडकलेला, कारण सप्टेंबरपासून जर्मन फौजांनी शहराला वेढा घातला होता. बाहेर पडायचा एकच मार्ग उरला होता, तो म्हणजे आकाश. पॅरिसवाले रेल्वे स्टेशनांत फुगे शिवत होते आणि त्यातून टपाल, माणसं, कबुतरं पाठवत होते. पकडलं तर हेर म्हणून वागवू, अशी शत्रूची धमकी होती. त्यात फुग्याला सुकाणू नसतं. नोव्हेंबरमध्येच एक फुगा थेट नॉर्वेत जाऊन पडला होता, दुसरा खलाशासकट समुद्रात गडप झाला होता.

2 डिसेंबरच्या पहाटे जान्सेन 'व्होल्टा' नावाच्या फुग्यात चढला. सोबत एक खलाशी आणि पेटाऱ्यांत भरलेले दुर्बिणीचे भाग.

या फुग्यात भरलेला होता कोळशाचा गॅस. बंद भट्टीत दगडी कोळसा तापवला की निघतो तो. त्यात हायड्रोजन, मिथेन आणि विषारी कार्बन मोनॉक्साइड. रस्त्यावरचे दिवे यावरच जळायचे, त्या काळात मुंबईतही.

फुगा उडतो कसा? तो जेवढी हवा बाजूला सारतो, तेवढ्या हवेच्या वजनाइतका जोर त्याला वर ढकलतो. एक घनमीटर हवेचं वजन साधारण 1.2 किलो, कोळशाच्या गॅसचं त्याच्या निम्म्याच्या आसपास. म्हणजे घनमीटरमागं साधारण 600 ग्रॅम उचल. वेढ्यातले फुगे 2000 घनमीटरच्या आसपासचे. त्यामुळे कापड, दोर, टोपली, वाळू, माणसं मिळून टनभर वजन आरामात उचललं जायचं.

गरम हवेचा फुगा का नाही वापरला? हवा 100 अंशांपर्यंत तापवली तरी घनमीटरचं वजन 950 ग्रॅमच्या आसपास उरतं, म्हणजे उचल जेमतेम पाव किलो. शिवाय वर असेपर्यंत जाळ चालू ठेवावा लागतो. आज त्यासाठी प्रोपेनचे बर्नर आहेत, तेव्हा नव्हते. हायड्रोजन सगळ्यात हलका, उचल 1.1 किलो, पण ठिणगी पडली की खेळ खल्लास. हेलियम हायड्रोजनच्या दुप्पट जड, तरी उचल एक किलोच्या वर, कारण तुलना हवेशी होते. आणि तो पेट घेत नाही. पण 1870 साली तो फक्त सूर्यावरची एक पिवळी रेषा होता. पृथ्वीवर तो विल्यम रॅम्झीला सापडला 1895 ला, एका युरेनियमच्या खनिजात.

व्होल्टा वर जायचा वाळू टाकली की, आणि खाली यायचा झडपेतून गॅस सोडला की. दिशा वाऱ्याच्या हातात. वारा पश्चिमेचा समुद्र गाठायच्या बेतात होता, पण पाचेक तासांत साडेतीनशेहून जास्त किलोमीटर कापून दोघं लुआर नदीच्या मुखाजवळ उतरले. दुर्बीण शाबूत.

तिथून जान्सेन वेळेत अल्जेरियातल्या ओरानला पोचला. ग्रहणाच्या दिवशी आभाळ भरून आलं आणि त्याला काहीच दिसलं नाही.

पुढच्याच वर्षी, डिसेंबर 1871 च्या ग्रहणाला, तो पुन्हा भारतात आला. या वेळी निलगिरीच्या डोंगरात, आणि आभाळ स्वच्छ होतं. 1872 मध्ये फ्रान्सनं त्याचा आणि लॉकियरचा असे दोन्ही चेहरे असलेलं एकच पदक काढलं. साठी उलटल्यावर त्यानं हमालांकरवी स्वतःला माँ ब्लाँवर ओढून न्यायला लावलं आणि पुढं त्या शिखरावर बर्फातच वेधशाळा उभी केली. 1907 च्या डिसेंबरमध्ये तो गेला. तोवर हेलियमचा एकही फुगा माणसाला घेऊन उडालेला नव्हता.