प्लेगशी झुंजलेला शास्त्रज्ञ : वाल्डेमार हाफकिन

कोरोनाच्या साथीत, १६ जानेवारी २०२१ पासून आपल्या देशात लस टोचण्यास प्रारंभ झाला, तेव्हा घरोघरी एकच चर्चा चालू होती : लस घ्यावी की न घ्यावी? ती घाईने तर केलेली नाही ना? टोचल्यावर ताप का येतो? हे प्रश्न आपणांस नवे वाटले, परंतु ते नवे नव्हते. सव्वाशे वर्षांपूर्वी मुंबई, पुणे, बेळगाव, हुबळी व बडोदे येथील लोकांनी हेच प्रश्न विचारले होते, आणि त्यांची उत्तरे देण्याची जबाबदारी एका परदेशी गृहस्थाच्या शिरावर येऊन पडली होती. त्यांचे नाव वाल्डेमार मॉर्डेकाय हाफकिन. विशेष म्हणजे हे गृहस्थ वैद्यकशास्त्राचे पदवीधर नव्हते. ते प्राणिशास्त्रज्ञ होते. सरकारी वैद्यकीय खात्यातील गोऱ्या अधिकाऱ्यांना ही गोष्ट सदैव खुपत असे.

हाफकिन यांचा जन्म १५ मार्च १८६० रोजी काळ्या समुद्राच्या काठी वसलेल्या ओडेसा या बंदरात एका ज्यू कुटुंबात झाला. ते शहर तेव्हा रशियन साम्राज्यात मोडत असे. आज ते युक्रेनमध्ये आहे. ओडेसाच्या विद्यापीठात त्यांना मेचनिकॉफ यांच्यासारखा थोर गुरू लाभला. पुढे नोबेल पारितोषिक मिळविणारे हेच ते मेचनिकॉफ. परंतु तो काळ विद्यार्थ्याने केवळ पुस्तकात डोके घालून बसावे असा नव्हता. १८८१ साली ज्यू वस्तीवर हल्ले झाले, तेव्हा तिच्या रक्षणासाठी उभ्या राहिलेल्या तरुणांत हाफकिन होते. त्यांना तुरुंगाची हवा खावी लागली आणि गुरूंनी रदबदली केली म्हणून त्यांची सुटका झाली. विद्यापीठातूनही एकदा त्यांचे नाव कमी करण्यात आले होते. शिक्षण संपल्यावर प्राध्यापकाची जागा त्यांच्या आवाक्यात होती. अट एकच, ती ही की त्यांनी स्वधर्म सोडून रशियन ख्रिस्ती पंथ स्वीकारावा. हाफकिन यांनी ती अट मानली नाही. ते ओडेसाच्या प्राणिशास्त्रीय वस्तुसंग्रहालयात साधी नोकरी करीत राहिले व १८८८ मध्ये देश सोडून प्रथम जिनीव्हास आणि पुढच्या वर्षी पॅरिसला गेले.

पॅरिसच्या पाश्चर संस्थेत मेचनिकॉफ होतेच. मात्र तेथे संशोधकाची जागा रिकामी नव्हती; रिकामी होती ती ग्रंथालयातील. हाफकिन यांनी ती आनंदाने पत्करली. दिवसा पुस्तके द्यायची-घ्यायची आणि उरल्या वेळात प्रयोगशाळेत बसायचे, असा क्रम सुरू झाला. त्यांनी हाती घेतलेला रोग होता पटकी. पटकीचे जंतू एका गिनीपिगमधून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात असे नेत गेल्यास त्यांचे विष तीव्र होत जाते, हे त्यांना आढळले. उलटपक्षी उबदार हवेत वाढविलेले जंतू दुबळे होतात. आधी दुबळ्या जंतूंची सुई आणि काही दिवसांनी तीव्र जंतूंची, अशी त्यांची योजना होती. १८ जुलै १८९२ रोजी त्यांनी पहिली सुई स्वतःच्याच शरीरात टोचून घेतली. ताप आला, अंग दुखले, पण थोड्याच दिवसांत ते बरे झाले. त्यानंतर त्यांचे काही रशियन मित्र पुढे आले.

या लशीची खरी कसोटी जेथे पटकी वर्षानुवर्षे ठाण मांडून बसली होती तेथेच लागणार होती. त्या वेळी पॅरिसमध्ये ब्रिटनचे राजदूत असलेले लॉर्ड डफरिन पूर्वी हिंदुस्थानचे व्हाइसरॉय होते. त्यांच्या साहाय्याने हाफकिन यांना हिंदुस्थानात येण्याची वाट मोकळी झाली आणि मार्च १८९३ मध्ये ते कलकत्त्यास उतरले. पुढील दोन-अडीच वर्षे ते लष्करी छावण्या, चहाचे मळे, तुरुंग व दरिद्री वस्त्या पालथ्या घालीत राहिले. सुमारे ४२,००० लोकांनी त्यांच्या हातून लस टोचून घेतली. सक्ती कोणावरही नव्हती. १८९४ मध्ये कलकत्त्याच्या कट्टलबगान वस्तीतील सुमारे २०० रहिवाशांपैकी ११६ जणांनी लस घेतली. त्यानंतर त्या वस्तीत १० जणांना पटकी झाली व त्यांतील ७ मरण पावले. हे दहाही जण लस न घेतलेल्यांपैकी होते. लस घेतलेले व न घेतलेले शेजारी शेजारी राहतात, एकच पाणी पितात, आणि तरीही दोहोंत एवढा फरक पडतो, हे लोकांनी डोळ्यांनी पाहिले. दगदग व हिवताप यांनी खंगून हाफकिन १८९५ साली युरोपात परतले, परंतु पुढच्याच वर्षी ते पुन्हा येथे हजर झाले.

त्याच वर्षी, सप्टेंबर १८९६ मध्ये, मुंबईच्या मांडवी भागात एक चमत्कारिक ताप आढळू लागला. काखेत किंवा जांघेत गाठ येई आणि माणूस पाहता पाहता दगावे. हा गाठीचा ताप म्हणजे प्लेग होय, असे निदान करणारे डॉ. आकासियु व्हिएगस हे मूळचे गोव्याचे. लवकरच शहरातून लाखो लोकांनी पळ काढला. सरकारने हाफकिन यांना मुंबईस धाडले. ७ ऑक्टोबरला ते तेथे पोहोचले. ग्रँट मेडिकल कॉलेजात त्यांना प्रयोगशाळा म्हणून एक खोली व एक व्हरांडा मिळाला, आणि मदतीला एक कारकून व तीन शिपाई! तीन महिने रात्रंदिवस काम चालले. त्या ताणाने एका साहाय्यकाचे मन खचले, तर दोघे काम सोडून निघून गेले.

प्लेगची लस त्यांनी कशी केली, हे मुद्दाम सांगण्यासारखे आहे. पटकीची लस जिवंत जंतूंची होती. ही मात्र मेलेल्या जंतूंची. जंतू वाढविण्यास मांसाचा रस लागतो. गाईचे मांस हिंदूंस चालत नाही, डुकराचे मुसलमानांस. म्हणून हाफकिन यांनी बकऱ्याचे मांस वापरले. त्या रसावर ते तुपाचे थेंब सोडीत. प्लेगचे जंतू त्या थेंबांना खालून चिकटून वाढत आणि गुहेच्या छतावरून चुनखडीचे सुळके लोंबावेत तसे ते खाली लोंबत. बाटली हलविली की सुळके तुटून तळाशी जात व वर नवे वाढू लागत. असे पाच-सहा आठवडे चालल्यानंतर तो सारा रस तापवून जंतू मारावयाचे व त्यात थोडे कार्बोलिक ॲसिड घालावयाचे, की झाली लस तयार. आपल्या स्वयंपाकघरातील तूप जगातील पहिल्या प्लेगच्या लशीत कामी आले, हे किती जणांना ठाऊक असेल?

सशांवर लस उपयोगी पडली, आणि १० जानेवारी १८९७ रोजी हाफकिन यांनी ती स्वतःस टोचवून घेतली. मात्रा होती पुढे लोकांना देण्यात आलेल्या मात्रेच्या तिपटीहून अधिक! ताप आला, वेदना झाल्या. पण त्यांनी काम सोडले नाही. नंतर कॉलेजातील अध्यापक व विद्यार्थी पुढे आले. त्याच महिन्याच्या अखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला. तेथील जवळजवळ निम्म्या कैद्यांनी स्वखुशीने लस घेतली. ज्यांनी घेतली नाही त्यांतील १२ जणांना प्लेग झाला व ६ दगावले. लस घेतलेल्यांत पुढे केवळ दोघे आजारी पडले आणि तेही वाचले. कैद्याची खुशी ती कितपत खुशी, असा प्रश्न आज आपल्या मनात येतो, आणि तो योग्यच आहे.

ते वर्ष महाराष्ट्राला विसरता येण्यासारखे नाही. प्लेगच्या रोग्यांची शुश्रूषा करताना सावित्रीबाई फुले यांना त्याच रोगाने गाठले व १० मार्च १८९७ रोजी त्यांचा अंत झाला. पुण्यात घरझडतीच्या जुलमाने लोक संतापले होते. २२ जूनच्या रात्री चापेकर बंधूंनी रँडवर गोळ्या झाडल्या. सरकारी माणूस हातात सुई घेऊन दारी आला की लोकांनी दार लावून घ्यावे, यात नवल ते काय? उंदरांच्या अंगावरील पिसवांमुळे प्लेग पसरतो, हेही तोवर कोणास ठाऊक नव्हते. अशा वेळी आगाखान यांनी स्वतः लोकांसमक्ष लस टोचून घेतली, हाफकिन यांच्या प्रयोगशाळेस आपला बंगला दिला, आणि खोजा समाजातील हजारो माणसे लस घेण्यास पुढे आली. पोर्तुगीजांच्या ताब्यातील दमणमध्ये २,१९७ जणांनी लस घेतली, त्यांतील ३६ मेले. न घेतलेल्या ६,०३३ जणांतील १,४८२ मेले. म्हणजे एकीकडे शंभरात दोघेही नाहीत आणि दुसरीकडे शंभरात जवळजवळ पंचवीस!

आम्हां बडोदेकरांच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा प्रयोग झाला तो शहराला लागूनच असलेल्या उंडेरा गावात, १८९८ च्या फेब्रुवारीत. गावात प्लेग होता. हाफकिन यांनी प्रत्येक कुटुंबातील माणसांचे दोन सारखे भाग पाडले. वय व प्रकृती पाहून दोन्ही भाग होता होईल तो समतोल ठेवले, आणि एका भागालाच लस टोचली. पुढे २८ घरांत प्लेग शिरला. त्या घरांतील लस घेतलेल्या ७१ जणांपैकी ८ आजारी पडले व ३ दगावले. लस न घेतलेल्या ६४ जणांपैकी २७ आजारी पडले, आणि त्यांतील २६ जणांचे प्राण गेले. एकाच छपराखाली, एकाच चुलीवर जेवणाऱ्या भावंडांत हा भेद दिसला. पद्धत म्हणून हा प्रयोग अत्यंत चोख होता यात शंका नाही. पण ज्या आईची दोन मुले दोन भागांत पडली असतील, तिच्या मनाचा विचार केल्यावाचून मला ते आकडे वाचवत नाहीत. लशीची परीक्षा आजही मुळात याच तत्त्वावर होते. कोरोनाची कोव्हॅक्सिन ही लस तपासताना २५,८०० स्वयंसेवकांपैकी निम्म्यांना लस व निम्म्यांना नुसते औषधविरहित द्रावण टोचण्यात आले. फरक असा की आता सर्वांना आधी माहिती देऊन त्यांची लेखी संमती घेतली जाते.

१८९९ मध्ये परळ येथील जुन्या गव्हर्नरच्या वाड्यात हाफकिन यांची प्रयोगशाळा थाटण्यात आली. लस दूरदूर जाऊ लागली. आणि अशा ऐन भरात घाला पडला. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातील मुलकोवाल या खेड्यात १०७ जणांना लस टोचण्यात आली. त्यांतील १९ जण थोड्याच दिवसांत धनुर्वाताने मरण पावले. ते एकोणीसही जण एकाच बाटलीतून टोचलेले होते. लस परळची, तेव्हा दोष परळचा, असे ठरायला वेळ लागला नाही. पंजाबची मोठी मागणी लवकर पुरी व्हावी म्हणून हाफकिन यांनी कार्बोलिक ॲसिड घालणे बंद केले होते व जंतू मारण्याचे काम केवळ उष्णतेवर सोपविले होते. ही रीत पाश्चर संस्थेतही रूढ होती. तरीही चौकशी समितीने, बाटली उघडण्यापूर्वीच तीत धनुर्वाताचे जंतू शिरले असावेत, असे मत दिले. हाफकिन यांना कामावरून दूर करण्यात आले आणि १९०४ मध्ये ते हिंदुस्थान सोडून गेले. स्वतःच्या अंगावर दोन-दोन लशी आजमावून पाहिलेल्या माणसावर निष्काळजीपणाने एकोणीस जीव घेतल्याचा ठपका आला!

वास्तविक समितीपुढे जबानीत एक गोष्ट आली होती. मुलकोवालमध्ये त्या बाटलीचे बूच काढण्याच्या वेळी साहाय्यकाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता, आणि तो नीट उकळून न घेता नुसता जंतुनाशक पाण्यात बुडवून पुन्हा वापरण्यात आला होता. धनुर्वाताचे जंतू मातीत असतात. शिवाय, परळहून निघतानाच लस दूषित असती तर मधल्या काळात जंतू वाढून तिला दुर्गंधी सुटली असती; बाटली उघडणाऱ्या डॉक्टरांना तसा वास मुळीच आला नव्हता. हे सारे कागदोपत्री असूनही त्याचा अर्थ लावण्यास पाच वर्षे लागली. हिवताप डासांमुळे होतो हे सिद्ध करणाऱ्या सर रोनाल्ड रॉस यांनी इंग्लंडमध्ये हा प्रश्न धसास लावला. जुलै १९०७ मध्ये लंडनच्या टाइम्स पत्रात दहा नामांकित शास्त्रज्ञांनी हाफकिन निर्दोष असल्याचे आपल्या सह्यांनिशी जाहीर केले. तेव्हा कोठे नोव्हेंबरमध्ये सरकारने त्यांना पुन्हा नोकरी देऊ केली.

ते परत आले, पण कलकत्त्यास. कारण परळची जागा आता दुसऱ्याकडे होती. माणसांवर नवीन लशींचे प्रयोग करण्याची त्यांना मुभा नव्हती. ज्या कामाने त्यांचे नाव झाले तेच काम त्यांना वर्ज्य ठरले, आणि सारी वर्षे कागदावरील संशोधनात गेली. सरकारने डाग पुसला खरा, परंतु अर्ध्या मनाने, असेच म्हणावे लागते. वयाची पंचावन्न वर्षे होताच ते निवृत्त होऊन युरोपात गेले. त्यांनी लग्न केले नव्हते. अखेरच्या काळात त्यांचे मन धर्माकडे अधिकाधिक वळले आणि पूर्व युरोपातील ज्यू पाठशाळांसाठी त्यांनी आपले धन निधीरूपाने ठेवले. ज्या धर्मासाठी तरुणपणी प्राध्यापकी नाकारली, त्याच्या अभ्यासासाठीच त्यांची शिल्लक खर्ची पडली. ऑक्टोबर १९३० मध्ये स्वित्झर्लंडमधील लोझान येथे त्यांचे देहावसान झाले.

१८९७ पासून १९२५ पर्यंत मुंबईतून त्यांच्या प्लेगच्या लशीच्या २ कोटी ६० लाख मात्रा बाहेर गेल्या. १९२५ साली परळच्या प्रयोगशाळेस हाफकिन संस्था हे नाव देण्यात आले, आणि १९६४ मध्ये भारत सरकारने त्यांच्या चित्राचे टपाल तिकीट काढले. कोव्हॅक्सिन हीदेखील मारलेल्या विषाणूंचीच लस. तिच्यासाठी लागणारा विषाणू पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेने वेगळा काढला आणि लस सिद्ध झाली हैदराबादेस. एप्रिल २०२१ मध्ये साथ पुन्हा उसळली व मात्रा अपुऱ्या पडू लागल्या, तेव्हा ती लस तयार करण्याची परवानगी केंद्र सरकारने ज्यांना दिली, त्यांत परळचे हाफकिन महामंडळही होते.