ताईतांचा शत्रू, संत बर्नार्डिनो

पंधराव्या शतकातील इटलीत ताप उतरावा, दुखणे थांबावे, बाळंतपण सुखरूप पार पडावे म्हणून सामान्य माणसे गळ्यात 'ब्रेवे' बांधत. कागदाच्या किंवा चर्मपत्राच्या तुकड्यावर प्रार्थनेतील शब्द, पवित्र नावे, क्रूस आणि काही अगम्य अक्षरे लिहिलेली असत. आपल्याकडील ताईताचेच हे भावंड. या प्रथेविरुद्ध गावोगावी आवाज उठवणारे धर्मोपदेशक म्हणजे सिएनाचे संत बर्नार्डिनो.

त्यांचा जन्म ८ सप्टेंबर १३८० रोजी मासा मारित्तिमा येथे झाला. बालपणीच आईवडिलांचे छत्र हरपले. १४०० मध्ये सिएनात प्लेगची साथ आली, तेव्हा विशीतल्या बर्नार्डिनोंनी सांता मारिया देल्ला स्काला रुग्णालयात रुग्णांची शुश्रूषा केली. १४०२ मध्ये ते फ्रान्सिस्कन पंथात दाखल झाले. पुढे त्यांची प्रवचने ऐकण्यासाठी एवढी गर्दी लोटू लागली की, ती चौकांत भरवावी लागत. १४२७ मधील सिएनातील प्रवचनमाला कापडाच्या धंद्यातील एका श्रोत्याने शब्दशः टिपून ठेवली. लिखित मंत्र आणि तोडगे यांवर लोकांची किती भिस्त होती, हे आज अशा प्रवचनांतूनच कळते. जी प्रथा त्यांना पुसून टाकायची होती, तिची नोंद त्यांच्याच वाणीमुळे टिकली.

देवाऐवजी कागदावर विसंबणे हे पाप होय, अशी त्यांची शिकवण होती. मात्र ते स्वतः येशूच्या ग्रीक नावाची तीन अक्षरे तेजस्वी सूर्यबिंबात रंगवलेली लाकडी पाटी लोकांपुढे धरीत आणि लोक तिच्यापुढे गुडघे टेकत. मग ही पाटी तरी ताईताहून वेगळी कशी, असा सवाल विरोधकांनी केला. पोप मार्टिन पाचवे यांच्यापुढे रोममध्ये त्यांची चौकशी झाली आणि त्यांना निर्दोष ठरवण्यात आले.

या मोहिमेला एक काळी किनारही आहे. मंत्रतंत्र करणाऱ्या स्त्रियांची नावे अधिकाऱ्यांना कळवावीत, असे ते श्रोत्यांना सांगत. १४२६ मध्ये त्यांनी तोदी येथे प्रवचने दिली. त्यानंतर दोन वर्षांत, २० मार्च १४२८ रोजी, मंत्र आणि औषधी उपचार करणाऱ्या मात्तेउच्चा या स्त्रीला तेथे चेटकीण ठरवून जाळण्यात आले. कालपर्यंत शेजारीपाजारी जिच्याकडे दुखण्यावर उतारा मागत, तिचेच उपाय खटल्यातील आरोप बनले. पाटी दाखवणारे उपदेशक निर्दोष सुटले. तिला मात्र तसे संरक्षण लाभले नाही.

२० मे १४४४ रोजी लाक्विला येथे बर्नार्डिनोंचे निधन झाले आणि अवघ्या सहा वर्षांत, १४५० मध्ये, त्यांना संतपद मिळाले. सिएनाच्या नगरभवनाच्या दर्शनी भिंतीवर त्यांचे सूर्यचिन्ह आजही झळकते. श्रद्धा कोठे संपते आणि जादू कोठे सुरू होते, ही रेषा अनेकदा अक्षरांपेक्षा ती लिहिणाऱ्याच्या अधिकारावरून ठरते, याची ते साक्ष देते.