सिस्टर इग्नेशिया : दारुड्याला दवाखान्यात खाट मिळवून देणारी बाई

अमेरिकेत ओहायो राज्यात अ‍ॅक्रन नावाचं शहर आहे, गाड्यांच्या टायरच्या कारखान्यांसाठी नावाजलेलं. तिथल्या सेंट थॉमस हॉस्पिटलच्या रजिस्टरमध्ये 16 ऑगस्ट 1939 रोजी एका पेशंटची नोंद झाली. आजार लिहिला जठराला तीव्र सूज. खरं तर तो माणूस दारू पिऊन पिऊन पार खलास व्हायला आला होता. पण खरं कारण लिहिलं असतं तर त्याला खाट मिळाली नसती, म्हणून पोटाचं नाव पुढे केलं. तशी ती नोंद अगदीच खोटी म्हणता येणार नाही. रोज पिणाऱ्याचं पोट कुठे धड असतं?

ही नोंद करवून घेणारी बाई पन्नाशीची, अंगाने किरकोळ, ठेंगणी, आवाजाने मऊ अशी एक नन होती. नाव सिस्टर इग्नेशिया. दारूच्या पेशंटला साध्या दवाखान्यात इतर पेशंटांसारखं दाखल करून घ्यायचं, ही आज साधी वाटणारी गोष्ट ज्या मोजक्या लोकांमुळे रूढ झाली, त्यांत त्यांचं नाव वरचं आहे.

त्यांचा जन्म 1 जानेवारी 1889 चा, आयर्लंडमधल्या मेयो परगण्यातला. जन्मनाव ब्रिजेट डेला मेरी गॅव्हिन. घर शेतकऱ्याचं, परिस्थिती बेताची. 1896 मध्ये आईवडील पोरांना घेऊन पोटासाठी अमेरिकेला गेले आणि क्लीव्हलंड शहरात राहिले. डेलाला संगीताची गोडी. पुढे ती पियानोच्या शिकवण्या घेऊ लागली. पंचविशीत, 1914 मध्ये, ती ऑगस्टीनच्या सिस्टर्स ऑफ चॅरिटी या संघात नन झाली. तिथेही काम संगीत शिकवण्याचंच मिळालं आणि ते वर्षानुवर्षं चाललं. काम फार, विश्रांती नाही. 1933 च्या सुमाराला त्या साफ कोलमडल्या. पोटात अल्सर, मनाने खचलेल्या. डॉक्टरांनी बजावलं की जगायचं असेल तर संगीत सोडावं लागेल.

ज्यात अर्धं आयुष्य घातलं तेच सोडायला लागलं. मग त्यांना झेपेल असं बैठं काम म्हणून सेंट थॉमस हॉस्पिटलच्या दाखल-खिडकीवर बसवलं. कुठला पेशंट आला, कुठल्या वॉर्डात पाठवायचा, खाट रिकामी आहे का, हे बघायचं. हे काम तसं कारकुनी. पण दवाखान्याचं दार कोणाला उघडायचं आणि कोणाला नाही, हे त्या टेबलावर ठरत होतं.

तो काळ मंदीचा. अमेरिकेतली दारूबंदी 1933 मध्ये उठलेली. पिऊन रस्त्यात पडलेल्याला पोलीस उचलायचे आणि कोठडीत टाकायचे. फारच बिघडला तर वेड्यांच्या इस्पितळात. साधे दवाखाने दारातूनच परत पाठवायचे. त्यांचंही गाऱ्हाणं होतं. असा पेशंट रात्री आरडाओरडा करतो, बाकीच्यांना झोपू देत नाही, वर बिल भरत नाही. सिस्टर इग्नेशिया एका तरुण डॉक्टरच्या मदतीने अधूनमधून गुपचूप एखाद्याला आत घ्यायच्या आणि सावरेपर्यंत ठेवून घ्यायच्या. एकदा असाच घेतलेला माणूस रात्री भ्रमात गेला आणि कॉरिडॉरभर धावत सुटला. सकाळी रात्रपाळीच्या बाईंनी सिस्टरना चांगलंच सुनावलं.

इथे थोडं थांबून त्या भ्रमाबद्दल सांगायला हवं, कारण ही गोष्ट आपल्याकडच्या घरांत अजून अनेकांना माहीत नसते. रोज भरपूर पिणाऱ्याची दारू एकदम तुटली की काही तासांतच हात थरथरतात, घाम सुटतो, झोप उडते. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या आसपास काहींना नसलेली माणसं, किडे, जनावरं दिसू लागतात, ताप चढतो, भान हरपतं. उपचार झाले नाहीत तर यात माणूस दगावतो. म्हणजे घरात कोंडून, खांबाला बांधून दारू सोडवायची हा प्रकार जिवावरचा खेळ आहे. पहिले काही दिवस डॉक्टरच्या नजरेखालीच जायला हवेत. सिस्टरना खाट हवी होती ती यासाठी.

त्यांना साथ मिळाली डॉ. रॉबर्ट होलब्रुक स्मिथ यांची. सगळे त्यांना डॉ. बॉब म्हणत. सर्जन म्हणून हात चांगला, पण कॉलेजपासून प्यायची सवय, आणि तिच्यापायी प्रॅक्टिस बुडत चाललेली. मे 1935 मध्ये त्यांची गाठ बिल विल्सन या न्यूयॉर्कच्या माणसाशी पडली. हा गडी धंद्याच्या कामासाठी अ‍ॅक्रनला आलेला. तोही आधी दारूत बुडालेला, पाच महिन्यांपूर्वी सुटलेला. आपली सुटका टिकवायची तर दुसऱ्या बेवड्याशी बोलत राहायला हवं, असं त्याच्या ध्यानात आलं होतं. डॉ. बॉब थांबले, मग महिन्याभरातच पुन्हा घसरले. शेवटचा घोट घेतला तो 10 जून 1935 रोजी, आणि तोही सकाळी ऑपरेशन करायचं होतं, हात कापू नयेत म्हणून दिलेली बीअर. पुढे आयुष्यभर त्यांनी दारूला हात लावला नाही. हाच दिवस अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस, म्हणजे ए.ए., या संघटनेचा स्थापना दिवस मानतात. पुण्या-मुंबईपासून तालुक्याच्या गावांपर्यंत ए.ए.च्या ज्या मराठी सभा भरतात, त्यांचं मूळ हेच.

पण नुसत्या बोलण्याने थरथर थांबत नव्हती. डॉ. बॉब पेशंट घेऊन दवाखान्यांच्या पायऱ्या झिजवत. 1939 मध्ये त्यांनी सिस्टर इग्नेशियांना आपली सगळी हकीकत सांगितली, स्वतःच्या पिण्यासकट. सिस्टर तयार झाल्या. 16 ऑगस्टला आलेल्या माणसाला आधी दोन खाटांच्या खोलीत ठेवलं. दुसऱ्या दिवशी डॉक्टर म्हणाले की याला भेटायला माणसं येणार आहेत, जरा एकांत हवा. दवाखान्यात रिकामी खोली नव्हती. होती ती पेशंटांसाठी आलेली फुलं लावून ठेवायची एक छोटी खोली. सिस्टरनी खाट तिथे ढकलायला लावली. भेटायला आलेले लोक होते सुटलेले दारुडे. अंगावर धड कपडे, चेहऱ्यावर तरतरी. त्यांना बघून खाटेवरच्या माणसाला काय वाटलं असेल याची कल्पनाच करावी.

चोरून काम फार दिवस चालणार नव्हतं. सिस्टरनी वरिष्ठांना विश्वासात घेतलं, आणि फुलांच्या खोलीतून काम दोन खाटांवर, तिथून स्वतंत्र वॉर्डात गेलं. कॅथलिक दवाखाना असला तरी दाखल करताना धर्म विचारत नसत.

मुक्काम साधारण पाच दिवसांचा. आल्याबरोबर बाहेरचे कपडे काढून दवाखान्याचा झगा. सुरुवातीला शांत करणारं औषध बेताने, आणि अंगात काही जावं म्हणून खाणंपिणं. डॉ. बॉब यांचा टोमॅटो, आंबवलेली कोबी आणि मक्याचा पाक यांवर मोठा विश्वास होता. कॉफी चोवीस तास. भेटायला परवानगी फक्त ए.ए.च्या लोकांना, कारण घरचे आले की रडारड आणि मित्र आले की बाटली. पहिला दिवस सावरण्याचा, दुसरा आपल्याला आजार आहे हे कबूल करण्याचा, तिसरा स्वतःचा हिशोब मांडण्याचा, चौथा निश्चयाचा, पाचवा बाहेर गेल्यावर काय करायचं ते ठरवण्याचा. येणाऱ्याच्या मागे ए.ए.चा एक माणूस जामीन म्हणून उभा असावा लागे. आणि नियम कडक: पुन्हा पिऊन आला तर सहसा दुसऱ्यांदा खाट नाही. आज हा नियम कुणी चांगला डॉक्टर मान्य करणार नाही, कारण परत घसरणं हा या आजाराचाच भाग आहे हे आता कळलं आहे. पण तेव्हा खाटा मोजक्या आणि दारात रांग होती.

निघताना सिस्टर प्रत्येकाच्या हातात येशूच्या पवित्र हृदयाचं छोटं चिन्ह ठेवायच्या. अट एकच. पुन्हा प्यायची झाली तर आधी हे मला परत आणून द्यायचं. गुत्त्याच्या दारापर्यंत गेलेला माणूस खिशात हात घालायचा आणि तिथेच अडायचा, कारण परत द्यायचं म्हणजे त्या बाईच्या डोळ्यांत बघायचं! ए.ए.मध्ये दारूविना काढलेल्या दिवसांचे जे बिल्ले देतात, त्यांचं मूळ यात आहे असं पुष्कळजण सांगतात.

डॉ. बॉब 16 नोव्हेंबर 1950 रोजी गेले. तोवर दोघांच्या हाताखालून सुमारे 5 हजार पेशंट गेले होते, आणि डॉक्टरांनी त्यांच्याकडून फी घेतली नव्हती.

1952 मध्ये संघाने सिस्टरना क्लीव्हलंडच्या सेंट व्हिन्सेंट चॅरिटी हॉस्पिटलमध्ये बदलीवर पाठवलं. वय 63. तिथे त्यांनी नव्याने वॉर्ड उभा केला. सुटलेल्या पेशंटांमधले कारागीर फुकट राबले. वॉर्डाचं नाव ठेवलं रोझरी हॉल सोलॅरियम. या तीन शब्दांची इंग्रजी आद्याक्षरं आणि रॉबर्ट होलब्रुक स्मिथ या नावाची आद्याक्षरं एकच. हयातीत नाव गाजवायला नको म्हणणाऱ्या डॉक्टरची आठवण सिस्टरनी अशी दारावर लावून टाकली, गाजावाजा न करता.

1956 मध्ये अमेरिकन मेडिकल असोसिएशनने जाहीर केलं की दारूचं व्यसन हा आजार आहे आणि अशा पेशंटला सर्वसाधारण दवाखान्यांनी दाखल करून घ्यावं. जठराची सूज लिहून घेतलेल्या त्या नोंदीला तेव्हा 17 वर्षं झाली होती.

सिस्टर थकेपर्यंत वॉर्डात होत्या. दोन्ही शहरं मिळून त्यांनी सुमारे 15 हजार पेशंट हाताळले, शिवाय त्यांच्या बायका-पोरांना धीर दिला तो वेगळा. प्रकृती साथ देईना तेव्हा त्या रिचफिल्ड इथल्या आपल्या संघाच्या मठात राहायला गेल्या. 1 एप्रिल 1966 रोजी तिथेच त्यांनी डोळे मिटले. क्लीव्हलंडच्या कॅथेड्रलमधल्या अंत्यविधीला लोक लोटले. त्यात कधीकाळी तिच्या खिडकीसमोर थरथरत उभे राहिलेले पुष्कळ होते.