हंटर कमिशनसमोरचे जोतीराव आणि पोडावरची शाळा

२८ नोव्हेंबर हा राष्ट्रपिता महात्मा जोतीराव फुले यांचा स्मृतिदिन. त्या दिवशी जिल्हा परिषदेच्या शाळांत तसबिरीला हार चढेल, दोन भाषणे होतील आणि तसबीर पुन्हा भिंतीवर जाईल. मुलींची पहिली शाळा काढणारे, शेणाचे गोळे झेललेल्या सावित्रीमाईंचे पती, एवढ्यावर आपण जोतीरावांची बोळवण करतो. परंतु सरकारी शाळेचा पैसा कोठून यावा, तो कोणावर खर्च व्हावा, शिक्षक कोणत्या समाजातून यावा आणि त्याला पगार किती असावा, या प्रश्नांवर इंग्रज सरकारशी कागदोपत्री भांडणारे जोतीराव आपण वाचतच नाही. आज यवतमाळ जिल्ह्यातल्या पोडा-तांड्यांवरच्या शाळांचा पट मोजला जात असताना नेमके हेच जोतीराव वाचण्याची गरज आहे.

जोतीरावांचा जन्म १८२७ चा, पुण्याचा. घराणे मूळचे साताऱ्याकडच्या कटगुणचे. फुलांच्या धंद्यावरून फुले हे नाव पडले. आई चिमणाबाई लवकर गेल्या. वडील गोविंदरावांनी मुलाला शाळेत घातले. पण शूद्राच्या पोराने शिकून काय करायचे, असा एका भटजी कारकुनाने सल्ला दिला आणि मुलगा शाळेतून निघून मळ्यात आला. एका माणसाच्या सल्ल्याने एका मुलाची शाळा बंद होते, हा अनुभव जोतीरावांनी वहीत नव्हे, खुरपे हातात धरून घेतला. पुढे गफ्फार बेग मुन्शी आणि लिजिटसाहेब या दोन शेजाऱ्यांनी गोविंदरावांची समजूत काढली. १८४१ साली जोतीराव स्कॉटिश मिशनच्या शाळेत पुन्हा दाखल झाले आणि १८४७ पर्यंत त्यांचे इंग्रजी शिक्षण पूर्ण झाले. एक मुसलमान आणि एक ख्रिस्ती मध्ये पडले नसते तर महाराष्ट्राला जोतीराव मिळाले नसते, हे जातीधर्माचे राजकारण करणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे.

१८४८ साली एका ब्राह्मण मित्राच्या लग्नाच्या वरातीत त्यांचा जातीवरून अपमान झाला. दुसरा कोणी असता तर घरी येऊन रडला असता किंवा मुकाट्याने विसरला असता. जोतीरावांनी त्याच वर्षी पुण्याच्या बुधवार पेठेत भिडे वाड्यात मुलींची शाळा काढली. सावित्रीमाईंना घरी शिकवून शिक्षिका केले. समाजाच्या दडपणाखाली वडिलांनी १८४९ मध्ये दोघांना घराबाहेर काढले, तेव्हा उस्मान शेख यांच्या घरात त्यांना आसरा मिळाला. १८५१ मध्ये चिपळूणकर वाड्यात आणखी एक शाळा निघाली, पाठोपाठ महार-मांगांच्या मुलांसाठी शाळा निघाल्या. मांग समाजाच्या मुक्ता साळवे या विद्यार्थिनीने १८५५ साली लिहिलेला निबंध आजही वाचला तर अंगावर काटा येतो. रात्री कामकऱ्यांची शाळा चाले आणि तेथे जोतीराव-सावित्री दोघेही शिकवीत. १६ नोव्हेंबर १८५२ रोजी विश्रामबाग वाड्यात सरकारने त्यांचा सत्कार केला. शालजोडी मिळाली, पण शाळा शालजोडीवर चालत नाही. शाळेला दरमहा पैसा लागतो. काही मदत दक्षिणा फंडातून येई, काही युरोपियन अधिकाऱ्यांच्या देणग्यांतून. १८५७ च्या बंडानंतर देणग्या आटल्या आणि शाळांची ओढाताण सुरू झाली.

येथेच जोतीरावांना एक गोष्ट कळून चुकली. गोरगरिबाची शाळा दानशूरांच्या मर्जीवर टिकत नाही. तिला सरकारी तिजोरीतला हक्काचा वाटा पाहिजे. आणि सरकारी तिजोरी भरतो कोण? शेतसारा देणारा कुणबी, माळी, धनगर, राबणारा महार-मांग. म्हणजे हा पैसा भीक नव्हे, तो आपलाच आहे. या एका विचारावर त्यांचे पुढचे आयुष्य उभे आहे.

१ जून १८७३ ला 'गुलामगिरी' प्रसिद्ध झाले आणि त्याच वर्षी २४ सप्टेंबरला सत्यशोधक समाजाची स्थापना झाली. १८७६ ते १८८२ या काळात जोतीराव पुणे नगरपालिकेचे सरकारनियुक्त सभासद होते. लॉर्ड लिटन पुण्यात येणार म्हणून स्वागतासाठी हजार रुपये खर्चण्याचा ठराव आला. सगळ्यांनी माना डोलावल्या. हा पैसा गोरगरिबांच्या शिक्षणावर खर्च करा, असे म्हणून विरोधात हात वर केला तो एकट्या जोतीरावांनी. आज आपल्या नगरपालिकांत आणि जिल्हा परिषदांत आपल्या समाजाचे सदस्य निवडून जातात. स्वागत-सत्काराच्या खर्चाला विरोध करून शाळेच्या छतासाठी पैसा मागणारे त्यांतले किती, याचा हिशेब ज्याचा त्याने करावा.

१८८२ साली विल्यम हंटर यांच्या अध्यक्षतेखाली सरकारने शिक्षण कमिशन नेमले. १९ ऑक्टोबर १८८२ रोजी जोतीरावांनी त्याच्यापुढे निवेदन ठेवले. मी व्यवसायाने वकील आहे. दररोज निवेदने आणि अर्ज लिहितो. परंतु इतके नेमके, आकड्याला आकडा भिडवणारे निवेदन क्वचितच वाचायला मिळते. आपण स्वतः शाळा चालविल्या, मिशनच्या मुलींच्या शाळेत काही वर्षे शिकविले, असा आपल्या अनुभवाचा दाखला त्यांनी आधी दिला आणि मग मागण्या मांडल्या.

पहिली मागणी सक्तीची. निदान बारा वर्षे वयापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करा. मुंबई इलाख्यातल्या दहापैकी नऊ खेड्यांत शाळाच नाही आणि सुमारे १० लाख मुले शिक्षणाबाहेर आहेत, हे त्यांनी कमिशनपुढे ठेवले. वरच्या वर्गाला शिकवा, मग ज्ञान आपोआप खाली झिरपेल, हा सरकारचा सिद्धांत खोटा ठरल्याचे त्यांनी दाखवून दिले. पाणी वरच अडले, खाली थेंबही आला नाही.

दुसरी मागणी पैशाची. शेतकऱ्याच्या साऱ्यावर लोकल सेस घेतला जात होता. त्यातला निम्मा पैसा प्राथमिक शिक्षणावर खर्च करा, असे त्यांनी सांगितले. पण हा पैसा पाटील, इनामदार, सरदारांनी भरलेल्या कमिट्यांच्या हाती देण्यास ते राजी नव्हते. ज्यांना शिक्षणाचे महत्त्वच कळत नाही त्यांच्या हाती शाळेची किल्ली नको, हे त्यांनी स्पष्टपणे मांडले.

तिसरी मागणी शिक्षकाची. शिक्षक शेतकरी वर्गातून यावेत, प्रशिक्षित असावेत, नांगराची मूठ धरायला किंवा सुताराचा वाकस चालवायला लाजू नयेत, मुलांच्या आईबापांत मिळून मिसळून राहावेत. अशा शिक्षकाला दरमहा कमीत कमी १२ रुपये, मोठ्या गावात १५ ते २० रुपये पगार द्यावा. म्हणजे शिक्षकाला पोटभर पगार दिल्याशिवाय बहुजनाच्या पोराला शिक्षण मिळणार नाही, हे त्यांनी तेव्हाच ओळखले होते. अभ्यासक्रमात मोडी, बाळबोध, हिशेब, इतिहास, भूगोल यांच्याबरोबर शेतीचे आणि आरोग्याचे प्राथमिक ज्ञान असावे, अशी त्यांची सूचना होती. जेथे महार-मांगांच्या मुलांना शाळेत बसू दिले जात नाही, तेथे त्यांच्यासाठी वेगळ्या शाळा काढा, हेही त्यांनी मागितले.

चौथी गोष्ट आजच्या घडीला सर्वांत महत्त्वाची. सरकारने शाळांतून अंग काढून घ्यावे आणि खाजगी संस्थांना अनुदान देऊन मोकळे व्हावे, असा विचार त्या काळी जोरात होता. जोतीरावांनी त्याला विरोध केला. सरकार मागे सरले तर शिक्षणाचा प्रसार थांबेल आणि सर्व जातीधर्मांना समान वागविणारी शाळा उरणार नाही, हा त्यांचा मुद्दा होता. हंटर कमिशनने मात्र प्राथमिक शाळा स्थानिक मंडळांकडे आणि दुय्यम शिक्षण खाजगी प्रयत्नांकडे सोपविण्याचीच शिफारस केली. जोतीरावांची सक्तीच्या शिक्षणाची मागणी तशीच राहिली. पुढच्या वर्षी, १८८३ साली, त्यांनी 'शेतकऱ्याचा असूड' लिहून पुरा केला.

त्या वेळी आपला जिल्हा वऱ्हाडात होता आणि वणीच्या नावाने ओळखला जाई. येथला कापूस विलायतेला जात होता आणि तो पिकविणाऱ्याचे पोर वखराच्या मागे चालत होते. म्हणून मुंबई इलाख्यासाठी लिहिलेले ते निवेदन आपल्या कापसाच्या मुलखालाही तंतोतंत लागू होते.

१८८८ साली ड्यूक ऑफ कॅनॉटच्या समारंभात शेतकऱ्याच्या वेषात जाऊन जोतीरावांनी गरिबांच्या शिक्षणाकडे राजघराण्याचे लक्ष वेधले. त्याच वर्षी ११ मे रोजी मुंबईत जनतेने त्यांना महात्मा ही पदवी दिली. पुढे पक्षाघाताने उजवा हात गेला, तर डाव्या हाताने 'सार्वजनिक सत्यधर्म' लिहिला. २८ नोव्हेंबर १८९० रोजी ते गेले. अंत्ययात्रेत टिटवे धरून सावित्रीमाई पुढे चालल्या.

त्यांचे भांडण मात्र संपले नाही. राजर्षी शाहूंनी १९१७ साली करवीर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले. १२ मार्च १९२७ रोजी बाबासाहेब आंबेडकरांनी मुंबई कौन्सिलात जोतीरावांचाच हिशेब पुढे मांडला. सरकार माणशी चौदा आणे शिक्षणावर खर्चते आणि दारूच्या करातून माणशी दोन रुपयांच्या वर काढते. निदान जेवढे काढता तेवढे तरी शिक्षणावर घाला, असे त्यांनी सुनावले. बुद्ध आणि कबीर यांच्यासोबत बाबासाहेबांनी जोतीरावांना गुरू मानले, ते उगीच नव्हे. २००२ साली ८६ व्या घटनादुरुस्तीने शिक्षण मूलभूत हक्क झाला आणि १ एप्रिल २०१० पासून शिक्षण हक्क कायदा लागू झाला. १८८२ ची मागणी कायद्यात उतरायला सव्वाशे वर्षे लागली.

आणि आता काय चालले आहे? १२ रुपये पगार मागणाऱ्या जोतीरावांच्या महाराष्ट्रात २००० साली शिक्षणसेवक योजना आली आणि प्राथमिक शिक्षकाला तीन हजार रुपयांवर राबविले गेले. २०२३ साली वीसपेक्षा कमी पटाच्या शाळांच्या समूह शाळा करण्याचे प्रस्ताव मागविले गेले, तेव्हा राज्यात अशा शाळा साडेचौदा हजारांहून अधिक होत्या. २०२४ मध्ये कमी पटाच्या शाळेवर कंत्राटी शिक्षक नेमण्याचे शासन निर्णय निघाले. २०२३ च्या डिसेंबरमध्ये भिडे वाडा स्मारकासाठी मोकळा झाला, त्याचा आनंद आहेच. पण एका शाळेचे स्मारक करायचे आणि हजारो शाळांना कुलूप लावण्याचा विचार करायचा, हा कसला फुलेवाद?

झरी, मारेगाव, केळापूर, घाटंजी या भागांत कोलामांचे पोड वीस-पंचवीस घरांचे असते. तेथे पट वीसच्या वर जाणार कसा? पुसद-दिग्रसकडच्या तांड्याचे तेच, गावकुसाबाहेरच्या आपल्या वस्तीचेही तेच. पहिली ते पाचवीची शाळा एक किलोमीटरच्या आत असावी, हे राज्याच्या नियमांत लिहिले आहे. साठपर्यंत पट असला तरी दोन शिक्षक, हे कायद्याच्या परिशिष्टात आहे. पट कमी म्हणून पोराचा हक्क कमी होत नाही. पावसाळ्यात नाला भरला की सात वर्षांची मुलगी समूह शाळेत जाणार नाही, ती घरी बसेल आणि पुढे कापूस वेचायला जाईल. मळ्यात परत गेलेल्या लहानग्या जोतीची तीच गोष्ट पुन्हा घडेल. फक्त सल्ला देणारा कारकून आता मंत्रालयात बसलेला असेल.

एक कडू गोष्ट आपल्यालाही ऐकावी लागेल. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकून आपण नोकरदार झालो, वकील झालो आणि आपली मुले मात्र कॉन्व्हेंटात घातली. पट कमी झाला त्यात आपलाही हात आहे. मीही त्याला अपवाद नाही. शाळा आपली राहिली नाही म्हणून तिच्यासाठी भांडायला आपण जात नाही.

तेव्हा या स्मृतिदिनी हार घालून घरी जाऊ नका. शाळा व्यवस्थापन समितीची बैठक लावा. शाळा बंद करण्यास वा हलविण्यास विरोधाचा ठराव लेखी घ्या, ग्रामसभेतही घ्या, त्याची पोच ठेवा. किती पदे मंजूर, किती रिक्त, शिक्षक किती दिवस अशैक्षणिक कामावर, हे माहितीच्या अधिकारात मागवा. कागद हातात असेल तर कोर्टात उभे राहता येते. जोतीरावांनी हंटरपुढे कागदच ठेवला होता. तो कागद आजही जिवंत आहे, तो घेऊन उभे राहणारी माणसे पाहिजेत.

जय जोती! जय भीम!