सिंधूचं खोटं

इंग्रजांचा शेक्सपिअर नाटककार होता तसा कवीही. मराठीत या दोन्ही नात्यांनी ज्यांचं नाव त्याच्या शेजारी घेतलं जातं, ते राम गणेश गडकरी. आमच्या हर्सूलमधल्या म्हाताऱ्या बायकांनाही 'एकच प्याला' म्हटलं की चटकन ओळख पटते.

गडकऱ्यांचा जन्म २६ मे १८८५ चा, गुजरातमधल्या नवसारीचा. वडील लवकर गेले, घरची ओढाताण. पुण्यात शिकले, पण कॉलेज काही पुरं झालं नाही. किर्लोस्कर नाटक मंडळीत मुलांना शिकवायची नोकरी धरली. श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांना त्यांनी गुरू मानलं. कविता लिहिल्या 'गोविंदाग्रज' नावानं, विनोदी लेख 'बाळकराम' नावानं. विधवांच्या प्रश्नावरचं 'प्रेमसंन्यास', मग 'पुण्यप्रभाव', 'भावबंधन'. 'राजसंन्यास' मात्र अपुरंच राहिलं. क्षयानं शरीर पोखरलं होतं. २३ जानेवारी १९१९ ला नागपूरजवळच्या सावनेरला ते गेले, अवघ्या ३३ व्या वर्षी. पुढच्याच महिन्यात गंधर्व मंडळीनं बडोद्याला 'एकच प्याला' रंगभूमीवर आणलं. ते यश बघायला लेखकच नव्हता!

गोष्ट साधीच. सुधाकर हुशार वकील. अपमान सोसवत नाही, मित्राच्या आग्रहानं पहिला प्याला घेतो आणि संसार बुडतो. सिंधू लोकांची दळणं दळून लेकरू जगवते, माहेरची मदतही घेत नाही. बालगंधर्वांची सिंधू बघून थिएटर रडायचं म्हणतात. शेवटी नवऱ्याच्याच मारानं ती मरणाला टेकते, तरी त्याला वाचवायला फौजदारापुढे खोटं बोलते.

इथं मला शेक्सपिअरची डेस्डिमोना आठवते. 'ऑथेल्लो' हे नाटक गोविंद बल्लाळ देवलांनी 'झुंझारराव' म्हणून १८९० मध्येच मराठीत आणलं होतं. संशयानं पेटलेला नवरा तिचा जीव घेतो आणि मरताना ती दोष स्वतःवर घेते. दोन नाटकांत तीनशे वर्षांचं अंतर, देश वेगळे, भाषा वेगळी, पण बायकोचं खोटं तेच.

मैत्रिणींनो, हे खोटं अजून संपलंय का? डोळ्याखाली काळंनिळं झालं की आपण काय सांगतो? मोरीत पाय घसरला, दार लागलं. शेजारीणही खरं काय ते ओळखते आणि गप्प बसते. सिंधूसाठी मी खूप रडले आहे, पण हल्ली तिचा रागही येतो. तिच्या पदरचं लेकरूही त्या दारूपायीच गेलं ना!

गडकऱ्यांनी त्याच नाटकात दारुड्या तळीरामाची बायको गीताही उभी केली आहे. ती सोसते, पण तोंडावर खरं बोलते. आपण मात्र तिला विसरलो आणि सिंधूला देव्हाऱ्यात बसवलं. आज आपल्या हाताशी कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धचा २००५ चा कायदा आहे. महाराष्ट्रात कितीतरी गावांतल्या बायकांनी मतदान करून दारूची बाटली आडवी केली आहे. सिंधूकडे यातलं काहीच नव्हतं.

नाटक जरूर वाचा, लेकीसुनांनाही द्या. फक्त सिंधूसोबत गीताचीही ओळख करून द्या. आणि शेजारीण पुन्हा मोरीत पाय घसरल्याचं सांगू लागली, तर मान डोलावून घरी जाऊ नका. तिच्याजवळ घटकाभर बसा.