कच्चे मडके

भोकरकडच्या माळकरी मंडळींना नरसी म्हटले की प्रथम नायगावकडची नरसी आठवते. नामदेवरायांची नरसी ती नव्हे. ती हिंगोली जिल्ह्यात, कयाधूच्या काठी. शके ११९२, म्हणजे सन १२७० च्या कार्तिक शुद्ध एकादशीस दामाशेटी शिंपी व गोणाई यांच्या पोटी महाराज जन्मले. कोणी जन्म पंढरपूरचा मानतात. पण मराठवाड्याचा माणूस नरसीच म्हणणार, आणि आम्हीही त्यांतलेच.

लहानपणी नैवेद्याचे ताट घेऊन राउळात गेले, देव जेवीना म्हणून रडत बसले आणि अखेर देव जेवला, ही कथा घरोघरी आयाबाया सांगतात. इतिहासात तिला दाखला मिळायचा नाही. पण नामदेवरायांची भक्ती कोणत्या मातीची होती, हे तिच्याइतके कोण सांगेल? देवाशी भांडायचे, रुसायचे, पुन्हा त्याच्याच गळ्यात पडायचे. गोणाई-राजाई संसाराच्या काळजीने कावून जात. ती गाऱ्हाणीही अभंगांत उतरली.

अशा लाडक्या भक्तावर गोरोबाकाकांच्या घरी प्रसंग गुदरला. संतमेळा बसलेला. यांतली पक्की मडकी किती नि कच्ची किती, असे मुक्ताईने विचारले. काकांनी थापटणे उचलले आणि एकेकाच्या डोक्यावर मारीत चालले. बाकीचे निमूट बसले; नामदेवराय चिडले. काकांनी सांगून टाकले, हे मडके कच्चे! कीर्तनात या ठिकाणी श्रोते हसतात. आम्हाला मात्र हसू येत नाही. ज्याच्याशी देव बोलतो, त्याची जन्माची ठेव चारचौघांत खोटी ठरली होती.

पंढरीस येऊन विठोबापाशी गाऱ्हाणे केले, तर देवानेही काकांचीच बाजू घेतली आणि गुरू करायला सांगितले. मग औंढा नागनाथ. आपल्याकडून नांदेड-वसमत करून जाता येते, ते हेच औंढे. तिथे विसोबा खेचर पिंडीवर पाय टाकून निजलेले. पाय काढा म्हटले, तर म्हणाले, देव नसेल तिथे नेऊन ठेव. नामदेवरायांनी पाय उचलून जिथे जिथे ठेवले, तिथे तिथे पिंडी दिसली.

गाथा वाचताना म्हणूनच आम्हाला एक नामदेव विटेपाशी हट्ट धरणारे दिसतात, दुसरे भूतमात्रांत विठ्ठल पाहणारे. गाथ्यात पुढच्या विष्णुदास नाम्याचेही अभंग मिसळले आहेत, हे अभ्यासकांचे म्हणणे खरे. पण थोर संताच्या कच्चेपणाची कथा संप्रदायाने झाकली नाही, उलट टाळमृदंगात गायली, याचे आम्हाला फार अप्रूप वाटते.

सन १२९६ मध्ये माउलींनी समाधी घेतली. तो सोहळा नामदेवरायांच्या नावच्या अभंगांतून वाचताना आजही कंठ दाटतो. पुढे महाराज उत्तरेस गेले, पंजाबात घुमानला राहिले, हिंदीत पदे रचली. सन १३५० मध्ये, आषाढ वद्य त्रयोदशीस, त्यांचा देह पंढरीस पायरीशी विसावला.

सन १६०४ मध्ये शिखांचा ग्रंथ सिद्ध झाला, त्यात त्यांची ६१ पदे आली. त्याच ग्रंथास गुरू गोविंदसिंहांनी सन १७०८ मध्ये आपल्या नांदेडात गुरुपद दिले. आयाबायांची ती नैवेद्याची कथाही त्या पदांत आहे. फक्त तिथे ताटाच्या जागी दुधाची वाटी आहे, आणि देव ते दूध पितो.